सुलतानपूरहून येणारी उत्तरं

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी रहस्यकथा लिहायला लागले. खुनातलं मला काही कळत नाही, त्यामुळे सगळं विचारून किंवा नेटवर शोधून घ्यावं लागतं. आमच्या घरात संगणक एकच. एकदा मी त्यावर काय शोधलं होतं ते ह्यांच्या नजरेस पडलं: विहिरीत पडलेलं प्रेत किती दिवसांनी वर येतं. पुढचे काही दिवस गच्चीवर मी ह्यांच्या मागे जाऊन उभी राहिले की हे कठड्यापासून बाजूला सरकायचे.

नेटवरची माहिती मात्र कामाची नव्हती. सगळी थंड देशांतली, नद्यांची आणि तळ्यांची. मला आपल्याकडची दगडी विहीर हवी होती. मग आमच्या जिल्ह्यातल्या लोकांच्या एका ऑनलाइन ग्रुपवर मी विचारलं, की विहिरीत बाई सापडली तर पंचनामा करणारा आधी काय बघतो? एकाने खासगीत उत्तर पाठवलं. सुलतानपूरचे निवृत्त पोलीस जमादार. फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल.

उत्तरं नेमकी असायची. आधी काठावरचं शेवाळ बघायचं, चपला कुठे आहेत आणि कशा काढल्या आहेत ते बघायचं. मी वहीत उतरवून घेत होते. हळूहळू मात्र काही गोष्टी खटकायला लागल्या. उत्तरं यायची ती फक्त दुपारी एक ते तीनच्या दरम्यान. फोन केला तर कधीच उचलला जायचा नाही. आणि एक दिवस लिहून आलं, ‘घरात जाऊन परात बघावी. संध्याकाळच्या पोळ्यांची कणीक भिजवून ठेवलेली बाई जीव द्यायला जात नाही.’

वाक्य मला फार आवडलं. पण जमादार कशाला परात बघेल, हे काही पटेना. आठवडाभरातच त्याच नंबरवरून विचारणा झाली: ‘तुमच्या घरी कोण कोण असतं? हे सगळं कशासाठी पाहिजे? खरं सांगा.’

मी घाबरले. हल्ली फोनवरून काय काय फसवणुकी होतात ते आपण रोज वाचतो. मी उत्तर दिलं नाही. चार दिवसांनी देऊळघाटची भाजीवाली दारात आली. कित्येक वर्षांची ओळख, पण कधी घरची चौकशी करणारी नव्हे. त्या दिवशी मेथीची जुडी निवडता निवडता म्हणाली, साहेब बरे आहेत ना, दिसले नाहीत बरेच दिवसांत. मी ह्यांना बाहेर बोलावलं. तिने ह्यांना नीट पाहून घेतलं आणि पाटी उचलून निघून गेली.

मला राहवेना. आम्ही दोघं चिखली, मेहकर करत एसटीने सुलतानपूरला गेलो, आधी न कळवता. स्टँडजवळच्या चहावाल्याला जमादारांचं घर विचारलं. त्याने घर दाखवलं, पण म्हणाला, “त्याईले बोलता येत नाही. चार वर्षं झाले, लकवा मारला.”

मग इतके महिने मला लिहीत कोण होतं?

दार एका साठीच्या बाईने उघडलं. तिने माझ्याकडे नाही, आधी ह्यांच्याकडे पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत. “हेच का साहेब?” तिने विचारलं, आणि मग आम्हाला आत घेतलं. ती जमादारांची बायको. देऊळघाटची भाजीवाली तिची मामेबहीण. माझे प्रश्न वाचून तिला वाटलं होतं, ही बाई नवऱ्याला विहिरीत लोटायचा बेत करते आहे. ग्रुपवर माझं नाव-गाव होतंच, म्हणून आमच्या गावात भाजी विकणाऱ्या बहिणीला बघायला सांगितलं होतं.

जमादार खुर्चीत बसले होते. उजवी बाजू गेलेली, नजर मात्र जागी. दुपारी त्यांना जेवू घातलं की ती माझे प्रश्न वाचून दाखवायची, ते डाव्या हाताने खुणा करायचे आणि ती लिहायची. “अर्धं त्याईचं, अर्धं माह्यं,” ती म्हणाली.

परातीचं कोणाचं, मी विचारलं.

“ते माह्यं.” मग तिने सांगितलं. दुसऱ्या एका गावी बदली असताना शेजारची सून विहिरीत सापडली होती. ही त्या घरी गेली, तर परातीत कणीक, वर ओलं फडकं. “म्या त्याईले तवाच सांगतलं. पण त्याईनं लिवलं, सोताहून उडी घेतली.”

जमादारांचा डावा हात खुर्चीवर हलायला लागला. एकदा, मग जोरात, पुन्हा पुन्हा.

“काय म्हणतात ते?” मी विचारलं.

“काही नाही. पाणी मांगून राह्यले.”

पण ती जागची उठली नाही. शेवटी ह्यांनीच उठून माठातलं पाणी आणलं आणि पेला त्यांच्या ओठाशी धरला. जमादारांनी तोंड फिरवलं.

परतीच्या एसटीत मी वही उघडून बसले. कुठलं उत्तर त्यांचं, कुठलं तिचं, काही केल्या कळेना. त्यांनी खुणेने नाही म्हटलेलं किती ठिकाणी हो लिहून आलं असेल? त्या सुनेचं खरं काय झालं, हे विचारायचं धैर्य मला झालं नव्हतं. घरी आल्यावर मी ती परातीची हकीकत कथेत घालायची तिच्याकडे लिहून परवानगी मागितली. उत्तर दुसऱ्या दुपारी आलं: ‘लिहा. गाव बदला.’

मी गाव बदललं. पंचनामा लिहिणारा माणूस पहिल्या मसुद्यात साधा साक्षीदार होता, त्याला संशयितांत घातलं. पुस्तक निघाल्यावर एक प्रत सुलतानपूरला पाठवली. मिळाल्याचं तिने कळवलं, आणि रोज दुपारी त्यांना थोडं थोडं वाचून दाखवते, असंही. मी लिहिलंय तेच वाचते की आणखी काही, ते मला ठाऊक नाही.