बाईंनी न दाबलेलं बटण

ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही. आईला तर नाहीच नाही. जिग्नेशला अर्धी ठाऊक आहे, पण त्या अर्ध्या गोष्टीनं कुणाचं काही बिघडत नाही. उरलेली अर्धी माझ्याकडेच आहे — आणि हल्ली ती मला एका जागी बसू देत नाही. ऑफिसात बसलो की उठावंसं वाटतं. घरी आलो की बाहेर पडावंसं वाटतं. मांडवीतून स्कूटर काढतो, काही काम नसताना घडियाळी पोळ या बडोद्याच्या जुन्या गल्लीकडे वळतो आणि पोळीच्या तोंडाशी जाऊन परत फिरतो. तुम्ही म्हणाल, मग आम्हाला कशाला सांगतोस? ठाऊक नाही. तुम्ही यातल्या कुणाला ओळखत नाही, एवढ्यासाठीच असेल.

माझं एक मोबाइल अ‍ॅप आहे. छोटंसं. नाव 'हजर'. बडोद्यातल्या आमच्या मराठी घरांची गत तुम्हाला सांगायला नको — मुलं टोरांटोला, नाहीतर पुण्याला, आणि आईबाप इथे, हिंचक्यावर झुलत. तर अशा आईनं किंवा बापानं रोज सकाळी फोनवरचं एक मोठं बटण दाबायचं. दाबलं की तिकडे मुलाच्या फोनवर हिरवी खूण येते. आई उठली, ठीक आहे. नऊपर्यंत नाही दाबलं तर मुलाला निरोप जातो. बस, एवढंच अ‍ॅप.

पैसा म्हणाल तर माझ्या पगारातून उरेल तो. नोकरी एका केमिकल कंपनीच्या ऑफिसात, आणि अ‍ॅप रविवारी दुपारी. चित्रं, रंग, बटणाचे आकार हे जिग्नेश बघायचा. तो माझा कॉलेजपासूनचा मित्र, मैत्रीखातर फुकट राबत होता. तपासायला वेगवेगळे फोन हवेत, ते नव्हते. भाड्याचा सर्व्हर सगळ्यात स्वस्तातला. माणूस ठेवणं तर दूरच.

आणि बाई होत्या.

बाई म्हणजे सुमतीबाई. आमच्या मराठी शाळेत गणित शिकवायच्या. आईची आणि त्यांची ओळख जुनी, तरी मी त्यांना कधी काकू म्हटलं नाही, बाईच म्हणालो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, यजमान गेले, मुलगी मेधा टोरांटोला. बाई घडियाळी पोळीत बांगड्यांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. खंडेराव मार्केटला स्वतः जायच्या, भाजीवालीशी पुस्तकी गुजरातीत वाद घालायच्या, आणि प्रत्येक भेंडीचं टोक मोडून बघितल्याशिवाय ती पिशवीत पडायची नाही. 'हजर' हे नाव त्यांनीच दिलं. अ‍ॅप पहिल्यांदा त्यांच्याच फोनवर चाललं. बटण फार खाली आहे, अंगठा पोचत नाही, म्हणून फोन करायच्या. अक्षर बारीक आहे, म्हणून करायच्या. आणि त्यांचं म्हणणं दर वेळी बरोबर निघायचं.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण सगळं त्यावर आहे. बाईंचा फोन देवघरात असायचा. खरंच. त्यावर त्या स्तोत्रं लावायच्या, म्हणून तो देवांच्या शेजारी, एका छोट्या पाटावर. पारोशा हातानं त्याला शिवायचं नाही. अंघोळ, पूजा, मग नमस्कार, आणि मग 'हजर'. पहाटे भूपाळी लागावी म्हणून त्यांना गजर हवा होता, तोही मीच लावून दिला होता. साडेसहाला फोन आपोआप भूपाळी म्हणायला लागायचा आणि बाई उठायच्या. आम्ही त्यावरून त्यांची थट्टा करायचो. बाई म्हणायच्या, हसा लेको.

आता अ‍ॅपमध्ये मी जी दुरुस्ती केली तिच्याकडे येतो — येतो म्हणतोय आणि तुम्हाला भूपाळी ऐकवत बसलोय. कळतंय मला.

म्हातारी माणसं बटण दाबायला विसरतात. दुसरं काय होणार? कुणी देवळात गेलं, कुणी दूध आणायला खाली उतरून ओटल्यावर गप्पा मारत बसलं. तिकडे निरोप गेला की मुलं घाबरायची, शेजाऱ्यांना फोन, मग मला फोन. ऑफिसात साहेबांसमोर माझा खिसा थरथरत असायचा. आजी मजेत, नातू रडकुंडीला, आणि शिव्या मला. लोक अ‍ॅप काढून टाकायला लागले. एक तारा, एक तारा, खाली लिहिलेलं — नुसता मनस्ताप.

आठवण करायला रोज कुणीतरी फोन करणं हा खरा उपाय. त्याला माणूस हवा, माणसाला पगार हवा. तर मी एका रविवारी बसून दहा-बारा ओळी लिहिल्या. सकाळी फोनचा पडदा उजळला की माणूस उठलंय असं धरायचं, आणि हिरवी खूण आपली आपणच पाठवायची. बटण दाबो न दाबो.

हुशारी वाटली होती मला ती. खोटं कशाला बोलू, मी स्वतःवर खूश होऊन सेव-उसळ खायला गेलो होतो त्या संध्याकाळी.

जिग्नेश म्हणाला, मग दोन रंग ठेवू. माणसानं दाबलं तर हिरवा, नुसता फोन जागा झाला तर पिवळा. मी नको म्हटलं. पिवळा बघून लोक पुन्हा घाबरणार, पुन्हा मला फोन. तो म्हणाला, आ तो खोटुं कहेवाय, यार. मी म्हटलं, खोटं कसलं, फोन काय आपोआप उजळतो? त्यानं खांदे उडवले आणि पुढच्या कामाला लागला. त्याला ठाऊक असलेली अर्धी ती एवढी.

फोन काय आपोआप उजळतो — हे कोण विचारत होतं? ज्यानं बाईंच्या फोनवर गजर लावून दिला होता, तो. मला तेव्हा आठवलं नाही. ही चूक म्हणा, मी तिला चूकच म्हणतो. मला जे सांगायचंय ते याच्या पुढे आहे.

मुलांना मी काही कळवलं नाही, आईबापांनाही नाही. तक्रारी थांबल्या. तारे वाढले. बाई पूजा आटोपून रोज नेमानं बटण दाबत राहिल्या, आणि मेधाला हिरवी खूण त्याच्या कितीतरी आधी, भूपाळीबरोबरच पोचत राहिली. खूण कधीची, ते फक्त मलाच बघता यायचं. मी बघतच नव्हतो.

थंडीचे दिवस होते. बाई भूपाळीनं उठल्या, न्हाणीघराकडे निघाल्या आणि दारातच पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. आवाज देत राहिल्या, पण आधी थंडीनं सगळ्यांची दारं-खिडक्या बंद, मग खाली दुकानं उघडायला लागली, शटरं वर जात होती, कुणाला ऐकू जाणार? मेधानं हिरवी खूण बघितली आणि ती निर्धास्त झोपली. भांडीवाली दुपारी येते. तोवर बाई त्या गार फरशीवर होत्या. खूण गेली नसती तर नऊला निरोप गेला असता, मेधानं शेजारच्यांना उठवलं असतं. अर्धी सकाळ वाचली असती. ही गोष्ट मला हॉस्पिटलच्या पायऱ्या चढतानाच कळली. तिथेच कोपऱ्यात उभा राहून मी फोनवर त्या सकाळच्या खुणेची वेळ बघितली — साडेसहा. भूपाळीची वेळ.

मेधा आली, ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी खोलीत आम्ही तिघंच होतो. मेधानं मला विचारलं — ओरडून नाही, अगदी साधेपणानं, "नंदू, मग हिरवं कसं झालं रे?"

मी काय सांगायला हवं होतं? एक वाक्य होतं. मीच बदललं, बाईंनी दाबलं नव्हतं. लहान पोराला जमेल एवढं वाक्य. माझ्या डोळ्यांसमोर काय आलं सांगू? बाई नाही आल्या. तारे आले. मेधा टोरांटोतल्या मराठी मंडळात सांगेल, ते आलं. मी म्हटलं, "बाईंनी दाबलं असणार, आणि मग पडल्या असतील."

बाई उशीवरून म्हणाल्या, "मी नाही दाबलं. माझी अंघोळच झाली नव्हती. मी देवघरात गेलेच नाही."

बघा, किती सरळ गणित होतं. पायरीला पायरी जोडलेली. पडलेलं, टाके घातलेलं माणूस, पण उत्तर बिनचूक. आणि मी, त्यांचा विद्यार्थी, त्यांच्या हातावर हात ठेवून, अगदी मायेच्या आवाजात म्हणालो, "बाई, अशा वेळी थोडं मागचं-पुढचं होतं. या वयात चालायचंच."

या वयात चालायचंच. तो आवाज मला अजून ऐकू येतो, माझाच. अहो, ओरडलो असतो तरी परवडलं असतं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग छताकडे. सगळी सकाळ मनातल्या मनात पुन्हा तपासत असाव्यात. मग म्हणाल्या, "दाबलं असेन मग."

घरी जाऊन मी त्या दहा-बारा ओळी काढून टाकल्या. नवं अ‍ॅप चढवताना काय बदललं ते लिहावं लागतं. मी लिहिलं — किरकोळ दुरुस्त्या. सगळेच तसं लिहितात. कुणी विचारलं नाही.

पुढचं सगळं त्या एका 'असेन'वरून घडत गेलं. मेधा आईकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागली. चष्मा कुठे ठेवला, हे कुणाला आठवतं हो नेहमी? पण आता त्याची नोंद व्हायला लागली. भाजीत मीठ दोनदा पडलं की मेधा माझ्याकडे बघायची, आणि मी मान हलवायचो. हो, हलवायचो. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वयाच्या मानानं उत्तम आहे सगळं. मेधाला पटलं नाही. खुद्द बाईंनाच पटलं नाही. एरवी त्यांना घराबाहेर काढायची कुणाची छाती होती? चालायला लागल्या होत्या, काठी घेऊन जिना उतरत होत्या. त्या म्हणाल्या असत्या, माझ्या घरात मी राहणार, चालते व्हा. पण स्वतःच्या डोक्याचाच भरवसा उरला नाही, मग कशाच्या जोरावर भांडणार? वाघोडिया रोडकडे वृद्धांसाठी एक निवास आहे, तिथे त्या गेल्या. देव बरोबर नेले. पोळीतल्या घराला कुलूप आहे. मी पोळीच्या तोंडाशी जाऊन परत फिरतो, तो त्या कुलपामुळे.

एकदा सांगायचंच म्हणून गेलो होतो. वाटेत वाक्य घोकत गेलो. बाई व्हरांड्यात चार बायकांबरोबर बसल्या होत्या. मला बघून उठल्या, त्यांना म्हणाल्या, "हा माझा नंदू. याच्या अ‍ॅपमुळे मला वेळेवर कळलं बरं का, की माझं विसरणं सुरू झालंय. नाहीतर मी आपली शहाणपणा करत एकटी राहिले असते." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. कुणीतरी डब्यातला चिवडा पुढे केला.

मी तो चिवडा खाल्ला. छान झालाय, म्हणालो. थोडा वेळ बसलो आणि निघून आलो.

अ‍ॅप बरं चाललंय. आता जिग्नेश सुचवतो त्या दुरुस्त्या मी निमूटपणे करतो, आणि तो म्हणतो, तू सुधारलास. बाई अजूनही अंघोळ-पूजा करून बटण दाबतात, एक दिवस चुकत नाही. मग मला फोन करतात. पूर्वी चुका दाखवायला करायच्या, आता विचारायला करतात. आजही आला, मी ऑफिसात नुकता टेकलो होतो.

"नंदू, मी दाबलं का रे आज? मला वाटतंय दाबलंय, पण माझं काय."

मी बघितलं. हिरवं होतं. दाबलंत बाई, म्हणालो.

बरं झालं तुला विचारलं, म्हणाल्या, आणि फोन ठेवला.