रांगोळीतली अमेरिका

दरवर्षी आमच्या लंडनच्या मराठी मंडळाच्या दिवाळीला दाराशी मोराची रांगोळी असते. त्या वर्षी स्टॅनमोरच्या शाळेच्या हॉलमध्ये अमेरिका होती. काढणारी माझी मुलगी. मंडळात ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला, हिस्टरी घेतलेली ती एकटीच; बाकीची मुलं डॉक्टर होणार असल्यामुळे तिच्याकडे जरा सहानुभूतीनंच पाहतात. तिथल्या यादवी युद्धाआधीचा नकाशा होता. उत्तर निळी, दक्षिण लाल, पश्चिमेचा मोठा तुकडा कोरा. खाली ठळक अक्षरांत: ‘देश का फुटला? गुलामगिरीमुळे.’

अध्यक्ष आले. ते निवृत्त सर्जन. कापाकापीची हौस अजून गेलेली नाही.

“छान गं. पण तो शब्द काढ. मेयर येतायत. ‘राज्याराज्यांतले मतभेद’ लिही, सणाला शोभेल.”

“पण काका, मतभेद कशावरून होते?”

“कर, अधिकार वगैरे. दोन्ही बाजूंना आपापलं म्हणणं होतंच की.”

“आणि ज्यांना विकत होते त्यांचं म्हणणं?”

मेयर यायच्या आत शब्द गेला पाहिजे, असं सांगून काका दाराचं तोरण सरळ करायला गेले. ते सरळच होतं.

“आई, तो शब्द गेला तर मी सगळंच पुसून टाकणार,” मुलगी म्हणाली.

आमच्याकडे येणारी प्रत्येक बाई रांगोळीत एक चिमूट रंग सोडते. त्यामुळे कार्यक्रम संपेपर्यंत मोर गरोदर दिसायला लागतो. या वेळी कोरी जागा आयतीच होती. नागपूरच्या काकूंनी तिथे निळी चिमूट सोडली. पुण्याच्या काकू म्हणाल्या, “निळा फार होतोय,” आणि लाल सोडली. मग नागपूरने किचनमधून जावेला हाक मारली. पुण्याने अख्खं भजनी मंडळ उठवलं.

“अहो, तुमचं झालंय ना एकदा?”

“ते सासूबाईंच्या नावाचं होतं. त्या घरी आहेत.”

मुलगी टाळ्या पिटत नाचायला लागली. “थांबू नका काकू! एक्झॅक्टली हेच झालं, या कोऱ्या भागातल्या कॅन्ससमध्ये! ज्याची माणसं जास्त त्याचा रंग, असं ठरलं. मग दोन्हीकडून लोक धावले, शेजारच्या राज्यातले तर नुसते व्होट टाकून परत गेले. मग बंदुका निघाल्या!”

“पण एवढं भांडण कशासाठी?” पुण्याच्या काकूंनी विचारलं.

“लाल झालं तर तिथेही माणसं विकता आली असती.”

काकूंनी मुठीकडे पाहिलं. “मग मला नको बाई हा रंग,” म्हणून हात पुसला, आणि तो पैठणीला पुसल्याचं कळल्यावर किंचाळल्या. हसता हसता आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात मेयरबाई आल्या. त्यांच्या गळ्यातल्या मेयरपदाच्या सोनेरी साखळीचे तोळे बायकांनी नजरेनंच मोजले. शब्द जागेवरच होता आणि त्याभोवती सगळ्या काकू दाटीनं उभ्या.

“सरा जरा,” अध्यक्ष पुटपुटले.

“कुठे सरू? रांगोळीवर पाय पडेल!”

खाली काय लिहिलंय, असं मेयरबाईंनी अध्यक्षांनाच विचारलं. ते घुटमळले. खोटं भाषांतर करावं, तर हॉलभर इंग्रजी समजणारी माणसं. शेवटी ऑपरेशन थिएटरमधल्या आवाजात त्यांनी दोन्ही वाक्यं इंग्रजीत सांगितली, त्या शब्दासकट. मेयरबाईंनी पुढे विचारलं, हे नेमकं कसं घडलं?

“ते हिला विचारा,” अध्यक्ष म्हणाले आणि बाजूला झाले.

ती बोलत राहिली. बटाटेवडे गार झाले, पण कुणीही हललं नाही.