योग्य उमेदवार

"बरं. पुढं काय?"

निकाल लागला की पेढे घेऊन येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला आमच्या मॅडम हेच विचारायच्या. पेढा हातात घ्यायच्या, पण तोंडात टाकायच्या नाहीत. समोरचा "बीएड करीन" म्हणाला की पेढा हळूच टेबलावर जायचा. "एमएस्सी" म्हणाला की अर्धा खायच्या. उरलेला अर्धा कशासाठी, हे सगळ्या स्टाफरूमला ठाऊक होतं. अख्खा पेढा खाताना मी त्यांना एकदाच पाहिलं.

एखाद्या गोष्टीचं वेड घेतलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. मॅडमना वेड होतं पीएचडीचं, आणि तेही दुसऱ्यांच्या.

राहुरीच्या पुढं, उसाच्या पट्ट्यातल्या एका कॉलेजात आम्ही दोघी शिकवायचो. त्या फिजिक्स, मी केमिस्ट्री. दोघीही केडगावला राहायचो, त्यामुळं रोजचा प्रवास एकाच एसटीनं. त्या मूळच्या पाथर्डीकडच्या. आई-वडील ऊसतोडीला गेले की चुलत्याकडं राहून शिकलेल्या. त्यांच्या अख्ख्या गोतात फिजिक्समध्ये डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या. कुणी त्याचं कौतुक केलं की चिडायच्या. "एकटीचं काय घेऊन बसलात? माझ्या मागं कोण हाय ते सांगा."

ते मागचं माणूस तयार करायला त्यांनी शनिवार धरला होता. दुपारी कॉलेज सुटलं की लॅबमध्ये त्यांचा वर्ग भरायचा. येणारी मुलं पालावरची, वस्तीवरची, तोडकऱ्यांची. कित्येकांच्या घरात दहावी ओलांडलेलं कुणी नव्हतं. मॅडम त्यांच्याकडून एमएस्सीच्या, नेटच्या परीक्षांची तयारी करून घ्यायच्या आणि मधेच एकेकाला उठवून इंग्रजीत बोलायला लावायच्या. "इंग्रजी चुकलं तर चालंल. गणित चुकता कामा नये."

एकेक जण गळत जायचा. कुणाचं लग्न ठरायचं, कुणी पोलीस भरतीसाठी पळायला लागायचा. मॅडम कुणाला बोल लावत नसत. उरलेल्यांना पुढच्या बाकांवर घ्यायच्या आणि शिकवायला लागायच्या.

शेवटी उरली काजल. तिचे आई-वडील खडी फोडायचे. काजल बोलायला कमी, पण हातात खडू दिला की फळा भरून टाकायची. विद्यापीठातून एमएस्सी झाली, नेट निघाली, फेलोशिपही मिळाली. पुण्यातल्या एका नामांकित संस्थेतून पीएचडीच्या मुलाखतीला बोलावणं आलं, तेव्हा मॅडम रजा टाकून स्वतः तिच्याबरोबर गेल्या.

निकाल आला त्या दिवशी बसमध्ये त्यांनी मला सगळं सांगितलं.

"प्रश्न आले हो तिला. फळ्यावर सोडवून दाखवलं. मग एकानं विचारलं, तुमच्या भागात शिक्षकांची गरज आहे, तुम्ही तिकडं का जात नाही? त्याच्यानंतर कुणी काही विचारलंच न्हाई."

"मग घेतलं कुणाला?"

"कुणालाच न्हाई. राखीव जागेपुढं लिहिलंय, योग्य उमेदवार आढळला नाही. दुसऱ्या कुणाला घेतलं असतं तर मी समजून घेतलं असतं. पण जागा रिकामी ठेवली. म्हणजे हिच्यापेक्षा कुणी नसलेलं बरं."

राहुरी येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

पुढच्या वर्षी दक्षिणेतल्या एका संस्थेत काजलला प्रवेश मिळाला. अख्खा पेढा खाल्ला तो त्या दिवशी. स्टाफरूममध्ये कुणीतरी गमतीनं म्हणालं, "मॅडम, शुगर वाढेल." त्यांनी दुसराही उचलला.

मग काजलचे फोन सुरू झाले. मॅडम बसमध्ये एका कानात बोट घालून बोलायच्या. तिकडची भाषा वेगळी, जेवण वेगळं, ते तिला जमलं. पण गाईड तिला विषयच ठरवून देत नव्हते. यंत्रावर काम करायची पाळी सगळ्यांचं झाल्यावर यायची. चहाला सगळे एकत्र उठायचे, तिला हाक कुणी मारायचं नाही. "टिकून राहा," मॅडम म्हणायच्या. "मलाबी असंच हुतं. टिकून राहा फक्त." फोन ठेवल्यावर माझ्याकडं बघायच्या नाहीत.

अशी दोन वर्षं गेली. मग काजलच्या वडिलांची छाती दगडाच्या धुळीनं पार निकामी झाली. आईला एकटीला त्यांना उचलवेना. काजल रजा घेऊन आली. रजा वाढवून मागितली, ती मिळाली नाही. वडील गेले तोवर तिची नोंदणी रद्द झालेली होती.

एका शनिवारी ती लॅबमध्ये आली. मी तिथंच होते. मॅडम तिला समजवायला लागल्या, अपील करू, मी येते, आपण त्यांना भेटू. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, तिथं मला कुणी हाकललं न्हाई," ती म्हणाली. "पण मी आलेय हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. आता परत कशाला जाऊ?"

मॅडमनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. काजल आता नगरला एका खासगी शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. चांगलं शिकवते असं ऐकते.

त्यानंतरही वर्ग भरायचा, पण मॅडम नुसती गणितं सोडवून द्यायच्या. पीएचडीचं नाव काढायच्या नाहीत. त्या निवृत्त झाल्या आणि त्यांची जागा भरलीच नाही. मुलं कमी म्हणून फिजिक्सची पदवीही बंद झाली. मॅडम केडगावचं बिऱ्हाड हलवून पाथर्डीकडं गावी राहायला गेल्या.

यंदा मी त्यांना भेटायला गेले होते. ओट्यावर बसून शेंगा फोडत होत्या. मी म्हटलं, इथंही शिकवायला काय हरकत आहे? त्यांनी मान हलवली. "पोरीला मी चढवलं. वर हात द्यायला कुणी हाय का, हे आधी बघायला पायजे हुतं. तवाच बीएड केलं असतं तर तिची एवढी वर्षं वाचली असती."

दुपारी मला सोडायला त्या फाट्यापर्यंत आल्या. एसटीची वाट बघत आम्ही उभ्या असताना गावातली एक मुलगी सायकलवरून उतरली. दहावीचा निकाल लागला होता तिचा, गणितात गावात पहिली होती.

"बाई, अकरावीला सायन्स घेऊ का?"

मॅडम तिच्याकडं बघत राहिल्या. त्या आता तिला काय काय सांगतील ते मला पाठ होतं, म्हणून मी नुसती हसत होते.

"घरचे काय म्हणतात?" त्यांनी विचारलं.

"आर्ट्स घे म्हणतात. लवकर डीएड हुईल."

"मग त्यांचं ऐक," मॅडम म्हणाल्या.

मुलगी "व्हय" म्हणाली आणि सायकलवर बसून निघून गेली. तिला वाईट वाटल्यासारखं दिसलं नाही. माझी गाडी आली. चढताना मी मागं वळून पाहिलं, तर मॅडम उन्हात तशाच उभ्या होत्या, सायकल गेली त्या रस्त्याकडं तोंड करून.