खव्याच्या भट्टीवरची तार

त्या सकाळचा विषय निघाला की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, चार वेळा डोकं फुटता फुटता वाचलं. पण निवृत्त होऊन घरी बसल्यावरही ज्याचा राग जात नाही असा गुन्हा एकच.

मी तेव्हा बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. नेकनूरच्या बाजूला आमच्या हद्दीत खव्याच्या भट्ट्या होत्या. दिवस उजाडताना वस्त्यांवरून म्हशीचं दूध यायचं, मोठाल्या कढयांत आटवलं जायचं आणि नऊच्या एसटीने खव्याच्या पाट्या शहराकडे निघायच्या. ती गाडी चुकली की माल दुपारपर्यंत पडून राहायचा आणि त्याला वास सुटायचा. त्यामुळे भट्टीवर मालकापेक्षा नऊच्या गाडीचा धाक जास्त.

सव्वाआठला ठाण्यात फोन आला की एका भट्टीवर भडका उडालाय. आम्ही पोचेपर्यंत कढई हलवणाऱ्या बाईला जीपमध्ये घालून नेलं होतं. ती वाटेतच गेली. तिच्यासोबत काम करणाऱ्या दोन बाया कुडाला टेकून बसल्या होत्या. बोलत होता तो एकटा भट्टीचा मॅनेजर. हा मालकाचा मेहुणा, आणि मालक म्हणजे तालुक्याच्या राजकारणातला वजनदार माणूस.

मॅनेजर म्हणाला, "साहेब, बर्नरच बोगस हाय. आपोआप फुटला. तिच्या नवऱ्यानंच केलता तो."

नवरा वेल्डर होता. मूळचा चकलांब्याकडचा, लग्नानंतर सासुरवाडीजवळ दुकान टाकून राहिलेला. लाकूड मिळेना म्हणून भट्टीवाल्यांनी त्याच्याकडून गॅरेजच्या काळ्या तेलावर चालणारे बर्नर करून घेतले होते. मी पंचनामा केला, बर्नर सील करून मुद्देमालात जमा केला आणि मॅनेजरची फिर्याद त्याने सांगितली तशी लिहून घेतली. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याबद्दल गुन्हा दाखल, आरोपी मयताचा नवरा. घाई झाली, आणि ती माझ्याकडूनच झाली.

तिसऱ्याचं कार्य उरकून तो वेल्डर स्वतःच ठाण्यात आला. अटक करायला माणूस पाठवायची वेळच आली नाही. अंगात मळका सदरा, हातांवर वेल्डिंगचे जुने डाग. समोर बसवलं तर म्हणाला, "मला आत टाका साहेब. मीच मारली तिला."

मी विचारलं, "कसं मारलं?"

"भोक बारीक पाडलं असंल म्या."

"कसलं भोक? मला काही कळत नाही यातलं. नीट सांग."

त्याने टेबलावरचा कागद ओढला आणि पेन्सिलीने आकृती काढायला लागला. रेघ सरळ येत होती. "तेल जळत न्हाई साहेब. तेलाची वाफ जळती. लोकायला वाटतं तेल पेटतं, तसं न्हाई ते."

मग त्याने सगळं समजावलं. उंच लोखंडी घोडीवर तेलाची टाकी, तिला कॉक, म्हणजे तोटी. कॉकमधून तेलाचे थेंब पाईपने खाली जाड लोखंडी वाटीत पडतात. आधी वाटीत चिंधी पेटवून ती लालबुंद करायची. एकदा वाटी तापली की पडणाऱ्या थेंबाची तिथल्या तिथे वाफ होते. वाटीवर भोकांच्या ओळी पाडलेलं नळकांडं असतं. वाफ वर चढते, भोकांतून हवा आत ओढली जाते, दोन्ही मिसळून कढईखाली जाळ लागतो. जाळामुळे वाटी तापलेली राहते आणि तापलेली वाटी पुढची वाफ करते. पंखा लागत नाही, वीज लागत नाही. सातवी शिकलेल्या माणसाने भंगारातून केलेली वस्तू होती ती, आणि मला खरंच कौतुक वाटलं.

"मग धोका कुठे आहे?"

"जाळ इझला तर. तेलात पानी आलं की थेंब चरचरतो अन् जाळ जातो. पन वाटी तापलेलीच ऱ्हाती ना! तेल पडत ऱ्हातं, वाफ व्हत ऱ्हाती, अन् सगळी भट्टी वाफेनं भरती. त्यात कोनी काडी वढली की..." त्याने बोट कागदावर ठेवलं. "त्याच्यासाठी म्या हे केलतं. वाटीच्या कडेला भोक. तेल साचाया लागलं की त्या भोकातून कॉकच्या दांडीला टांगलेल्या या डब्यात येतं. डबा जड झाला की दांडी खाली येती, अन् दांडी आली की कॉक बंद. मंग वाटी थंड होऊ द्यायची, पुसायची, परत पेटवायची. इसेक मिनटं जात्यात. पन त्या दिशी कॉक बंदच झाला न्हाई. भोक बारीक पडलं. माझ्याच हातानं पडलं."

पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही, हे शेंबड्या पोराला माहीत असतं. पण ती ठाण्यात फार टिकते. माणूस कबूल झाला की तपास करणाऱ्याची खुर्ची आपोआप मऊ होते. माझा अनुभव असा की न विचारता कबूल होणारे दोन प्रकारचे असतात. एक मोठं काही लपवण्यासाठी लहान कबूल करतात. दुसऱ्यांना शिक्षा झाली तर बरं वाटणार असतं. हा दुसऱ्यातला होता. त्याने भोक बारीक पडलेलं पाहिलं नव्हतं, त्याने फक्त बायको गेलेली पाहिली होती.

जामीन होण्यासारखा गुन्हा होता, मी त्याला जामिनावर सोडलं. तर तो बाहेरच्या बाकावरून उठेना. "घरी जाऊन काय करू साहेब?" म्हणाला. शेवटी आमच्या हवालदाराने त्याला मोटारसायकलवर बसवून घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन. "आरोपी कबूल हाय म्हनतात. मंग ताणता कावून? दोषारोपपत्र पाठवून द्या, विषय संपवा."

मी म्हणालो, "विषय तुमचा असेल तर संपवू. गुन्हा माझ्या ठाण्याचा आहे."

"साहेब, तुमची बदली जवळ आली म्हनं?"

"माझी वळकटी बांधलेलीच असते. तुम्ही तिची काळजी करू नका."

फोन ठेवला तेव्हा माझे कान गरम झाले होते. खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत माझ्या हातात काहीही नव्हतं. पण जो माणूस मेलेल्या बाईबद्दल एक शब्द न विचारता कागद कधी जातो एवढंच विचारतो, त्याच्या घाईचा मला संशय येतो.

आणि दोन दिवसांनी म्हैस हरवली. म्हणजे डोक्याला पटका बांधलेला एक म्हातारा पशुपालक ठाण्यात आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला की माझी म्हैस हरवली, नोंद घ्या. ठाणे अंमलदार म्हशीचा रंग विचारायला लागला तर म्हातारा म्हणतो, "रंग मोठ्या साहेबालाच सांगीन." मी त्याला आत घेतलं.

"कोणत्या रंगाची म्हैस, बाबा?"

"म्हशी समद्या घरी हायत्या, तुमची किरपा," म्हातारा हळू आवाजात म्हणाला. "त्या भट्टीला दूध माझंच जातं. माझा व्यवहार हाय, लेकरंबाळं हायत. माझं नाव कुटं आलं न्हाई पाहिजे."

"नाही येणार."

"त्या डब्याच्या दांडीला तार कोनी बांधली, ते इचारा. म्या लई डाव पाह्यली. ड्रमचा तळ आला की दांडी सारखी पडती, मंग बांधून टाकत्यात."

एवढं बोलून तो उठला आणि बाहेर जाताना पुन्हा मोठ्याने म्हणाला, "शिंगं वाकडी हायत साहेब, ध्यान ठिवा!"

मी लगेच दोन पंच बोलावून मुद्देमालाचं सील त्यांच्यासमक्ष काढलं. पूर्ण बर्नर काजळीने काळाकुट्ट झालेला. पण टांगत्या डब्याच्या दांडीवर बोटभर अंतराने दोन बारीक पट्टे स्वच्छ होते, आणि घोडीच्या पायावर तसाच एक. भडका उडाला तेव्हा तिथे काहीतरी गुंडाळलेलं होतं आणि नंतर कोणीतरी ते सोडवून नेलं होतं. माझ्या पहिल्या पंचनाम्यात या पट्ट्यांचा उल्लेखही नव्हता. मी स्वतः सही केलेला कागद. फोटो काढून घेतले आणि त्या रात्री जेवण गेलं नाही.

मग भट्टीवर जाऊन तेलाचा ड्रम पाहिला. दुधाच्या कॅनी आणि कढया धुवायची जागा आणि तेलाचा उघडा ड्रम यांत दोन पावलांचं अंतर. धुण्याचं पाणी रोज त्यात उडायचं. पाणी तेलाखाली बसतं, त्यामुळे ड्रम भरलेला असेपर्यंत कळत नाही. तळाचं चार बोटं तेल टाकून द्यायचं असं वेल्डरने सांगून ठेवलं होतं. कुणी टाकलं नव्हतं. ड्रमच्या तळाचं तेल मी सील करून आणलं.

पट्ट्यांवरून तार बांधलेली होती हे कळत होतं, कोणी बांधली हे नव्हतं. बाया तोंड उघडत नव्हत्या. मी मॅनेजरला साक्षीदार म्हणून नोटीस देऊन बोलावलं. त्याला चहा पाजला, अदबीने बोललो. "तुम्ही जाणकार माणूस. बर्नर कसा पेटवतात ते पंचनाम्यात नीट लिहायचं आहे. जरा पेटवून दाखवता का?"

त्याला बरं वाटलं. ठाण्यामागच्या मोकळ्या अंगणात बर्नर मांडला होता, वाळूच्या बादल्या भरून ठेवल्या होत्या, दोन पंच बाजूला उभे होते. टाकीत त्याच्याच ड्रमच्या तळाचं तेल. त्याने बाह्या वर केल्या, चिंधी पेटवली, वाटी तापवली, कॉक सोडला. हात सराईत होता. जाळ लागला, आणि पाचेक मिनिटांत चरचरून विझला. तेल साचलं, डब्यात उतरलं, दांडी खाली आली आणि कॉक बंद झाला.

"तेल खराब दिसतंय," तो म्हणाला. डबा रिकामा करून त्याने पुन्हा पेटवलं. पुन्हा तेच. आता त्याचा पारा चढला. आपण कुठे आहोत हे तो विसरला. त्याने डाव्या हाताने दांडी वर उचलून घोडीच्या पायाशी धरली, उजवा हात मागे केला आणि शेजारी बसलेल्या आमच्या शिपायाला न बघताच म्हणाला, "तार दे की बे!"

अंगणात कोणी हललं नाही. त्याचा हात तसाच मागे राहिला. मग त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "कोणती तार?"

तो खाली बसला. नंतरच्या चौकशीत तो बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, पण पंचांच्या सह्या झाल्याचं कळल्यावर दोन्ही बायांना धीर आला आणि त्यांनी मॅजिस्ट्रेटसमोर जबाब दिले. त्या सकाळी दांडी तीनदा पडली होती आणि तीनदा कॉक बंद झाला होता. खवा अर्धवट आटलेला, घड्याळात आठ वाजून गेलेले. चौथ्या वेळी मॅनेजरने दांडी तारेने बांधली. जाळ गेला, तेल पडत राहिलं. ती बाई म्हणाली, "जरा थांबू द्या, वास येतोय." तर तो म्हणाला, "थांबायला गाडी काय तुझ्या बापाची हाय? पेटव!" तिने काडी ओढली. भडका उडाल्यावर, लोक तिला उचलत असताना, त्याने पकडीने तार तोडून खिशात घातली.

मी वेल्डरचं नाव आरोपी म्हणून वगळण्याचा अहवाल कोर्टात दिला. मॅनेजरवर सदोष मनुष्यवध आणि पुरावा नष्ट केल्याचं कलम लावलं. मालकालाही आरोपी केलं, कारण बायांनी तारेची गोष्ट याआधी दोनदा त्याच्या कानावर घातली होती आणि त्याने काहीही केलं नव्हतं. वरून फोन आले, जवळच्या माणसांनी समजावलं, एकाने तर माझ्या मुलाच्या नोकरीचा विषय काढला. मी दोषारोपपत्र स्वतः कोर्टात घेऊन गेलो. महिन्याच्या आत माझी बदली झाली. झाली तर झाली. दोषारोपपत्राची बदली होत नसते.

खालच्या कोर्टात मॅनेजरला शिक्षा झाली, मालक सुटला. अपील अजून चालू आहे. मालक सुटल्याचं मला वाईट वाटलं आणि अजून वाटतं. पण त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागलं. तेव्हाही मला ते पुरेसं वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही.

मात्र बदलीच्या जागी हजर होण्याआधी माझं एक काम राहिलं होतं. मी वेल्डरला बोलावलं. तोंडी सांगितलं असतं तर त्याने मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा स्वतःलाच दोष दिला असता. म्हणून मी पंचांसमक्ष बर्नर पुन्हा अंगणात मांडून घेतला, तेच पाणचट तेल टाकीत घातलं आणि त्याला म्हणालो, "तू फक्त बघ."

जाळ लागला, विझला. तेल वाटीत साचलं, त्याच्या भोकातून डब्यात उतरलं. दांडी हळूहळू खाली आली. कॉक बंद झाला आणि थेंब थांबला.

तो पुढे येऊन उकिडवा बसला. "भोक बरूबर हाय?" त्याने विचारलं.

"बरोबर आहे. त्या सकाळी तीनदा बंद झाला होता. चौथ्यांदा त्यांनी तुझी दांडी बांधली."

"आजून एकडाव दावा साहेब."

आम्ही पुन्हा दाखवलं. मग आणखी एकदा. चौथ्या वेळी दांडी खाली आली तेव्हा त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि बायकोचं नाव घेऊन रडायला लागला. ती गेल्यापासून तो रडला नव्हता, हे मला तिच्या भावाने नंतर सांगितलं.

या प्रकरणाने काय शिकवलं असं लोक विचारतात. एक तर हे की आपल्या पंचनाम्यावर आपण स्वतःच संशय घ्यावा. दुसरं हे की कबुली आयती चालून आली की जास्त जागं राहावं, कारण दुःखाने खचलेला माणूस कुठल्याही कागदावर सही करतो आणि त्याच्या आडोशाला खरा गुन्हेगार मजेत उभा असतो. कोणी म्हणतं, साहेब, एवढं करून मिळवलं काय? मालक मोकळा, तुमची बदली. त्यांना मी सांगतो की एका माणसाच्या डोक्यावर स्वतःच्या बायकोला मारल्याचा ठपका माझ्या सहीने बसला होता. तो मी माझ्याच सहीने काढला, आणि आजही कोणी तो परत ठेवायला सांगितला तर मी ठेवणार नाही.