अमरीकसिंगचं मत

राजाभाऊ हिवरखेडकर निवडणुकीला उभे राहिले, की त्यांच्या बायकोचं, रत्नप्रभाबाईंचं, पहिलं काम म्हणजे नवऱ्याचे बूट मोच्याकडे टाकायचे. प्रचार म्हणजे नुसती पायपीट, हे त्यांना अनुभवानं कळलं होतं. माणूस अकोल्याकडचा, चंडीगढच्या इंडस्ट्रियल एरियात नटबोल्टच्या कारखान्यात फोरमन, हिंदी अशी की ऐकणाऱ्यानं कानाला हात लावावा. आणि हौस कसली, तर पुढारी व्हायची. घ्या आता. १९८३ साली हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीतल्या रहिवासी संघाची निवडणूक लढवली, तर मतं पडली अकरा.

"एक माझंच होतं. दहा कोणाची असतील बाप्पा?" त्यांनी घरी येऊन विचारलं.

"एक माझं. बाकीची नऊ शोधा," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

बाईंनी चेष्टा केली होती. पण राजाभाऊ खरंच शोधायला निघाले. दारोदार जाऊन विचारायचे, आपने मेरे को मत दिया क्या, म्हणजे धन्यवाद देता येतील. लोक हसून बेजार झाले. दोन मतं मात्र पक्की सापडली, समोरच्या ब्लॉकमधल्या तेज कौर बीबींच्या घरची. बीबी विधवा, शाळेत आया होत्या, राजाभाऊंना वीरजी, म्हणजे भाऊ, म्हणायच्या. "वीरजी, गटार तुंबलं तेव्हा बांबू घेऊन तुम्ही एकटेच आत उतरला होतात," त्या पंजाबीत म्हणाल्या. "मग मत काय सुटाबुटातल्याला देऊ?" दुसरं मत त्यांच्या मुलाचं, अमरीकसिंगचं. पोरगा बावीस वर्षांचा आणि भलता वात्रट. राजाभाऊंच्या हिंदीची नक्कल त्यांच्याच तोंडावर करायचा. पुढच्या निवडणुकीत त्यानंच त्यांच्या स्कूटरला भोंगा बांधून दिला आणि काय बोलायचं तेही पाठ करून घेतलं. त्या खेपेला राजाभाऊ निवडून आले, आणि वसाहतभर पेढे वाटायला अमरीकच पुढे होता.

मग पंजाबातली ती वाईट वर्षं आली. नाक्यानाक्यावर वाळूची पोती, बसगाड्यांची झडती, आणि दिवेलागणीनंतर कोणी कोणाला दार उघडेना. अशात प्रचार करायचा कसा? राजाभाऊंनी आपली रीत काढली. आधी अर्ज करकरून गल्लीतले सगळे दिवे लावून घेतले. मग प्रत्येक घरासमोर दिव्याखाली उभं राहायचं, दोन्ही हात दिसतील असे पुढे धरायचे आणि लांबूनच ओरडायचं, "राजाभाऊ हूँ जी, अकेला हूँ." ती हिंदी ऐकली की आतल्यांची खात्री पटायची. अशी भाषा सोंग घेणाऱ्याला जमणारच नव्हती.

एकोणनव्वद साली अमरीकला लुधियानात नोकरी लागली. दर शनिवारी संध्याकाळच्या बसनं तो घरी यायचा. मार्चमधल्या एका शनिवारी बस आली, तो आला नाही. कोणी म्हणालं, बंदूकवाल्या पोरांनी बस अडवून खाली उतरवलं. कोणी म्हणालं, नाक्यावर पोलिसांनी नेलं. खरं काय ते आजतागायत कळलेलं नाही. राजाभाऊंनी बीबींना स्कूटरवर मागे बसवून ठाणी पालथी घातली, इस्पितळं पाहिली, जी पाहू नयेत अशी ठिकाणंही पाहिली. सात महिन्यांनी बीबीच म्हणाल्या, "वीरजी, तुमची नोकरी जाईल. आता पुरे." राजाभाऊ त्या दिवशी घरी येऊन लहान मुलासारखे रडले.

आणि दोन वर्षांनी या भल्या माणसानं काय करून ठेवलं पाहा. संघाची पुढची निवडणूक आली. मतदारांच्या चिठ्ठ्या राजाभाऊ स्वतः लिहायचे, यादी समोर ठेवून, रविवारी सकाळपासून. हात चालायचा, डोकं भलतीकडेच. चिठ्ठी देताना दारात उभं राहून नाव मोठ्यानं वाचायची त्यांची सवय होती, चूक राहू नये म्हणून. तेज कौर बीबींच्या दारात त्यांनी वाचलं, "तेज कौर." दुसरी चिठ्ठी काढली आणि वाचलं, "अमरीकसिंग."

वाचून झालं आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. ती चिठ्ठी ते खिशात कोंबायला लागले, तर बीबींनी हात पुढे केला.

"द्या," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांत या दारावर त्याच्या नावानं कोणी हाक मारली नव्हती."

तेव्हापासून निवडणूक कुठलीही असो, राजाभाऊ त्या घरी दोन चिठ्ठ्या न्यायचे आणि दोन्ही नावं मोठ्यानं वाचायचे. यादी तपासायला सरकारी माणूस आला, की बीबी सांगायच्या, मुलगा बाहेरगावी आहे, येईल. नाव राहायचं.

शहाण्णवच्या डिसेंबरात शहराला पहिल्यांदाच महापालिका मिळाली आणि राजाभाऊ वॉर्डातून उभे राहिले. रहिवासी संघ वेगळा, महापालिका वेगळी. तेरा वर्षं ज्यासाठी बूट झिजवले ते हेच. समोर नरेश बन्सल, मार्केटमधला बडा दुकानदार. राजाभाऊंच्या बाजूनं सगळी सूत्रं विश्वनाथ फाळक्यांच्या हातात. फाळके साताऱ्याकडचे, चंडीमंदिरच्या छावणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. राजाभाऊंसाठी जीव टाकणारा गडी, पण लढाई म्हटली की जिंकायचीच, एवढंच त्यांना ठाऊक.

चिठ्ठ्या द्यायला गेले तेव्हा बीबींनी विचारलं, "वीरजी, माणूस आला नाही तर त्याचं मत दुसरा कोणी टाकतो म्हणतात. खरं का?"

"होतं असं कधीकधी."

"अमरीकचं नाही ना टाकणार कोणी?"

"मी असेपर्यंत नाही," राजाभाऊ म्हणाले, आणि छातीवर हात ठेवला.

मतदानाच्या दिवशी सरकारी शाळेच्या व्हरांड्यात बीबी सकाळीच येऊन बसल्या. स्वतःचं मत टाकून झालं, तरी उठेनात. थंडी मरणाची. रत्नप्रभाबाईंनी थर्मासमधून चहा नेऊन दिला, घरी चला म्हटलं, तर मान हलवून नाही म्हणाल्या. राजाभाऊ तीन केंद्रांवर फेऱ्या मारत होते. दुपारी एकच्या सुमाराला शाळेवर आले आणि आत जाऊन आपल्या प्रतिनिधीशेजारी टेकले. एवढ्यात एक पगडीवाला तरुण आत आला. मतदान अधिकाऱ्यानं त्याच्या हातातली चिठ्ठी घेतली आणि नियमाप्रमाणे मोठ्यानं पुकारलं, "चारशे बारा. अमरीकसिंग."

"जी," पोरगा म्हणाला.

राजाभाऊंची नजर चिठ्ठीवर गेली. अक्षर ओळखीचं, ताठ, फौजी. विश्वनाथरावांचं. म्हणजे हे मत राजाभाऊंचंच, त्यांच्याच चिन्हावर पडणारं. बन्सलचा माणूस समोर बसून पेंगत होता, त्याला अमरीक कुठला ठाऊक असायला. राजाभाऊ गप्प राहिले असते, तर कोणाला कळणार होतं? खोटं कशाला बोला, क्षणभर त्यांचा जीव घुटमळला. तेरा वर्षं काही थोडी नव्हेत.

तेवढ्यात त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. पुकारलेलं नाव बाहेर ऐकू गेलं होतं. बीबी दाराची चौकट धरून उभ्या होत्या, एक चप्पल पायात, एक मागेच राहिलेली. त्या पोराच्या पाठीकडे पाहत होत्या. पोरगा वळला. बीबींनी त्याचा चेहरा पाहिला, आणि तिथंच खाली बसल्या.

"माझी हरकत आहे," राजाभाऊ उठून अधिकाऱ्याला म्हणाले. "हा अमरीकसिंग नाही. ये मेरे को माहीत है."

अधिकाऱ्यानं चिठ्ठीवरचं आणि त्यांच्या छातीवरचं चिन्ह एकच असल्याचं पाहिलं आणि तो बुचकळ्यात पडला. उमेदवार आपल्याच मतावर हरकत घेतो हे त्यानं कधी पाहिलं नसावं. पोरगा तोपर्यंत पसार झाला होता.

बाहेर विश्वनाथरावांनी राजाभाऊंना गाठलं. "आवो, वाया जाणारं मत होतं ते. कोणाचं काय घेतलं आपण?"

"त्या माउलीला विचारा काय घेतलं ते."

राजाभाऊ त्यांच्यावर आयुष्यात पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलले, तेही चारचौघांत. विश्वनाथरावांच्या ते जिव्हारी लागलं. ते तिरीमिरीत घरी निघून गेले, त्यांची माणसंही पांगली, आणि मजुरांच्या वस्तीतल्या केंद्रावर दुपारी मतदारांना बाहेर काढायला कोणी उरलंच नाही. राजाभाऊ एकतीस मतांनी पडले. विश्वनाथराव दुसऱ्या दिवशी येऊन ओट्यावर मान खाली घालून बसले. राजाभाऊंनी त्यांना चहा दिला.

चार दिवसांनी तेज कौर बीबी आल्या.

"वीरजी, यादीतून नाव काढायचा कागद असतो ना? तो भरून द्या."

राजाभाऊंना वाटलं, आपल्या हरण्याचं ओझं त्यांनी मनावर घेतलं. "बीबीजी, त्याची काही गरज नाही. मी पडलो ते माझ्या कर्मानं. नाव राहू द्या."

"तुमच्यासाठी नाही," बीबी म्हणाल्या. "त्यांनी नाव पुकारलं आणि कोणीतरी ओ दिली. पुरुषाचा आवाज. सात वर्षं ज्याची वाट पाहिली, तो आत उभा आहे, असं वाटलं मला. दारापर्यंत पोचेतो मी किती सुखात होते, तुम्हाला कसं सांगू?" "असं पुन्हा झालं तर मला सोसणार नाही," त्या म्हणाल्या. " काढा ते नाव. पण तुमच्या हातानं."

राजाभाऊंनी कागद आणला, चष्मा लावला. नाव, वडिलांचं नाव, घर क्रमांक, सगळं लिहून झालं. मग कारणाच्या ओळीवर पेन अडलं. तिथे दोनच शब्द छापलेले होते, एकावर खूण करायची होती. मयत. स्थलांतरित. त्यांच्यानं विचारवेना. रत्नप्रभाबाई आतून हात पुसत आल्या आणि बीबींच्या शेजारी त्यांना चिकटून बसल्या.

"काय विचारलंय?" बीबींनी विचारलं.

राजाभाऊंनी खाली मान घालूनच सांगितलं.

"दुसरा शब्द कोणासाठी असतो?"

"माणूस दुसरीकडे राहायला गेला, तर."

"त्यावर खूण करा," बीबी म्हणाल्या. "आणि नवा पत्ता विचारला असेल, तर ती जागा रिकामी ठेवा. आला की तोच सांगेल."