त्यानं नेसलेलं लुगडं

दिंद्रुडला एसटीची वाट बघत मी स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा घेत बसलो होतो. टीव्हीवर जुना विनोदी सिनेमा लागला होता. मिशा काढलेला नायक लुगडं नेसून, पदर सावरत मुरडत चालला होता आणि सगळं हॉटेल खदखदून हसत होतं. माझ्या बाकावरचा म्हातारा तेवढा हसत नव्हता. नायकानं पदर ओढला की याचा हात आपल्या खांद्यावरच्या उपरण्याकडे जायचा.

"काका, आवडला नाही वाटतं सिनेमा?" मी विचारलं.

"आवडला की. मी बी नेसलतो एकदा लुगडं," बशीतला चहा फुंकत तो म्हणाला. "घरवाली वारली अन् म्हैस कुणालाच धार काढू देईना. तिला घरवालीच्याच हाताची सवय. मग तिचंच न धुतलेलं लुगडं नेसलो, डोक्यावर पदर घेतला अन् बसलो धारेला. वासानं फसली म्हैस, सोडला पान्हा."

मला हसू फुटलं. तोही हसला, जरासा.

"तेवढ्यात पोरगी झोपंतून उठून आली. लई लहान होती. मागून 'आई' म्हणून पाठीला बिलगली."

टीव्हीवर नायकाचा टोप निसटला, सोंग उघडं पडलं. हॉटेलात हशा उसळला. माझं आता तिकडे लक्षच नव्हतं.

"मग?"

त्यानं बशी खाली ठेवली.

"चरवी भरली, धार संपली. पर मी मागं वळलोच न्हाई. तशीच झोपली ती, माझ्या पाठीवर."