कोठीतला सर्व्हर

श्रीगोंद्यात मे महिन्याची दुपार कशी असते ते पत्र्याखाली बसलेल्या माणसालाच विचारावं. माझा कॉम्प्युटर क्लास पत्र्याखालीच होता. एक सर्व्हर आणि त्याला जोडलेली पाच-सहा मशीनं. त्या मशीनांना स्वतःची डिस्क नव्हती. सगळ्यांचं सगळं काम त्या एका सर्व्हरच्या पोटात. नव्वदच्या दशकात आमच्या गावात एवढं असणं म्हणजे केवढी ऐट! पण ऊन चढलं की सर्व्हर तापायचा आणि बंद पडायचा, की बाकीचे पडदेही काळे. कूलर लावावा तर दमट हवा, पंखा लावावा तर धूळ. त्या धुळीपायी सर्व्हरच्या फ्लॉपी ड्राइव्हने केव्हाच राम म्हटला होता. मी पुठ्ठा घेऊन सर्व्हरला वारा घालत बसायची. हसा खुशाल.

त्या बॅचमध्ये एक विद्यार्थिनी माझ्याहून बरीच मोठी होती. मी तिला ताई म्हणायची, ती मला मॅडम. नवऱ्याचा मार सोसवेना म्हणून माहेरी आलेली. भावाने तिला सांगून ठेवलं होतं, ही परीक्षा पास हो, साखर कारखान्यात ऑपरेटरची जागा निघतेय ती मिळव आणि खुशाल राहा. नाही तर परत नांदायला जा. त्याचं घर लहान, बायको कटकटी, हे मला कळत होतं. तरी त्याचा राग यायचा. अजूनही येतो.

परीक्षेत स्वतः केलेला एक प्रोग्रॅम चालवून दाखवायचा असे. ताईने एसटीचं वेळापत्रक केलं होतं. गावाचं नाव टाइप केलं की तिकडे जाणाऱ्या गाड्या पडद्यावर ओळीने हजर. स्टँडवर जाऊन जाऊन तिने वेळा गोळा केल्या होत्या, कंट्रोलरचं डोकं खाल्लं होतं. मी तपासायला बसले तर एक गाव सापडेना.

"ताई, हे गाव राहिलंय की!"

"राहू द्या मॅडम," ती म्हणाली आणि खाली बघत बसली.

ते तिच्या सासरचं गाव होतं. माझ्या डोक्यात उजेड पडायला जरा वेळच लागला.

परीक्षा तोंडावर आली आणि सर्व्हर दिवसातून तीनतीनदा बंद पडायला लागला. अण्णा, म्हणजे माझे वडील, वीज मंडळातून लाइनमन म्हणून रिटायर झालेले. ते रोज दारात बसून माझी चिडचिड बघायचे. एक दिवस म्हणाले, "शेतातली डीपी, ट्रान्सफार्मर गं, दिवसभर उन्हात हुबी असती. ती का जळत न्हाई? आत त्याल हाय म्हून. तुझं बी मशीन तेलात बुडव."

"अण्णा, काहीतरीच काय! ते काय भजं आहे?"

"अगं, त्या तेलातनं करंट जात न्हाई. जन्म गेला माझा त्यात."

मी वाद घातला, आदळआपट केली. पण सर्व्हर पुन्हा बंद पडला, ताईचं अर्धं काम उडालं, आणि ती पुन्हा पहिल्यापासून टाइप करायला लागली. ते बघून मी हात टेकले.

अण्णा सुप्याला गेले. तिथे डीपी दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपात त्यांचा जुना दोस्त होता. त्याच्याकडून गाळलेल्या तेलाचे कॅन घेऊन ते एसटीने आले. आईने कुरकुरत गव्हाची पत्र्याची कोठी रिकामी करून दिली. अण्णांनी सर्व्हरचे पंखे काढले आणि पेटी उघडी करून कोठीत सोडली. लाइनमनचा एक नेम असतो: तेल खुणेच्या वर पाहिजे, जो भाग तेलाबाहेर राहील तो जळणार. त्यामुळे एकही भाग बाहेर ठेवायला ते तयार नव्हते. हार्ड डिस्कवर एक बारीक भोक होतं आणि बाजूला इंग्रजीत लिहिलेलं होतं. मी वाचून सांगितलं, "हे भोक झाकू नका."

"मग झाकतंय कोन? ऱ्हाऊ दे उघडं," अण्णा म्हणाले. कंपनीने लिहिलंय ते आम्ही अगदी मनोभावे पाळलं.

बटण दाबताना मी डोळे मिटले होते. उघडले तर सगळे पडदे लागलेले! आवाज नाही, धूळ नाही, कोठीला हात लावला तर जेमतेम कोमट. दुपार झाली, ऊन रणरणलं, सर्व्हर आपला चालूच. पोरांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांची मान अशी ताठ झाली की काही विचारू नका. ताईने त्या दिवशी प्रोग्रॅम पुरा केला आणि पहिल्यांदाच मला तिचं हसणं ऐकू आलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी कोठीतून खर्र खर्र आवाज आला. मग तोही थांबला. त्या भोकातून डिस्क श्वास घेते हे मला फार नंतर कळलं. तेल हळूहळू आत झिरपलं होतं आणि डिस्क बुडून मेली होती, तिच्याबरोबर ताईचा प्रोग्रॅमही; फ्लॉपीवर त्याची प्रत काढायची सोयच नव्हती.

नगरहून परीक्षक आले. भला माणूस, पण त्याच्या तरी हातात काय होतं? मी विनवण्या केल्या, भांडलेसुद्धा. ताई उभी राहून म्हणाली, "सर, तोंडी सांगते," आणि तिने गावामागून गाव, गाडीमागून गाडी सांगायला सुरुवात केली. ते मान खाली घालून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "बाई, मला पडद्यावर दिसल्याशिवाय गुण देता येत नाहीत. दिवाळीनंतर पुन्हा बसा." दिवाळी! भाऊ आठवडाभरही थांबायला तयार नव्हता. मी त्याच्या घरी जाऊन आले, पुढची फी माफ करते म्हणाले, अण्णांनी त्याच्यापुढे हात जोडले. तो म्हणाला, "तिकडं निरोप गेलाय."

ती निघाली त्या दिवशी क्लासमध्ये आली. अण्णा तेव्हाही कोठीत कोपरापर्यंत हात घालून काहीतरी खटपट करत होते. काही उपयोग नाही हे त्यांनाही माहीत होतं. ती पाया पडली. त्यांनी हात वर केला आणि तसाच अधांतरी धरला.

"हाताला त्याल हाय गं पोरी."

"असू द्या काका. सासरी जाताना लावतातच की डोक्याला." तिने त्यांचा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. अण्णा रडले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. मला रडूही येईना, नुसता संताप आणि तो काढायला जागा नाही.

भाऊ दारात पिशवी घेऊन उभा होता. मनगटावरचं घड्याळ बघत त्याने विचारलं, "त्या गावाची गाडी कितीला हाय, कुनाला ठाव हाय का?"

प्रोग्रॅममध्ये ते गावच नव्हतं.

"सव्वातीनला," ताई म्हणाली. "त्यानंतर मुक्कामाची. परत यायला सकाळी सहाला एकच."